माझ्या पोटातला वास

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो. पण एवढं ऐकून लगेच तोंड वाकडं करू नका. मी साखरेचा नाही, पिठाचा नाही, आणि खिळे-मोळे टाकून ठेवायचा तर मुळीच नाही. मी पाणबुड्याच्या पाठीवर बसणारा चुन्याचा डबा आहे. माझ्या जिवावर माणसं पाण्याखाली गेली आणि हसत वर आली. आता सांगा, तुमच्या घरातल्या किती डब्यांना असं म्हणता येईल?

माझं काम आधी समजून घ्या, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. तुम्ही श्वास सोडता आणि मोकळे होता. काही पाणबुडेही तसंच करतात. पाठीवर हवेचं मोठं नळकांडं घेतात, श्वास घेतात आणि बुडबुड्यांचा नुसता गोंधळ घालत फिरतात. आमचे पाणबुडे तसे नव्हते. त्यांचा सोडलेला श्वास नळीतून माझ्याकडे यायचा. त्यात कार्बन डायऑक्साइड असतो. तो साठत गेला की डोकं दुखतं, धाप लागते, माणूस भोवंडतो आणि पाण्यात भोवंडलेला माणूस म्हणजे खेळ खलास. म्हणून माझ्या पोटात चुन्याचे पांढरे दाणे भरलेले असत, तांदळापेक्षा थोडे जाड. भिंतीला फासायचा चुना नव्हे, त्यासाठीच खास बनवलेला. ते दाणे तो वायू पिऊन टाकत. उरलेली हवा पुन्हा पाणबुड्याच्या तोंडात जाई आणि कमी पडलेला ऑक्सिजन एका छोट्या नळकांड्यातून तिच्यात मिसळे. म्हणजे तोच श्वास, फिरून फिरून.

‘शी’ म्हणालात ना? ऐकू आलं मला. पण तो श्वास तुमच्या गल्लीतल्या हवेपेक्षा स्वच्छ असायचा, हे लक्षात ठेवा.

माझा जन्म एका लेथवर झाला. पांढऱ्या, जाड प्लास्टिकचा एक ठोकळा फिरत होता आणि त्यातून मला कोरून काढणाऱ्या बाई होत्या. चष्मा नाकावर घसरलेला, ओठ घट्ट मिटलेले. त्यांनी माझ्या तळाला आणि तोंडाला बारीक जाळी बसवली, झाकणाच्या खाचेत रबराचं कडं घातलं आणि मला उजेडाकडे धरून गोल फिरवलं. शेजारच्या यंत्रावरचा माणूस म्हणाला, “बाई, डबाच आहे तो. किती न्याहाळाल?”

“डबा आहे म्हणूनच न्याहाळतेय,” बाई म्हणाल्या. “इथे केसाएवढी फट राहिली ना, तर श्वास चुन्याला चुकवून बाजूने पळेल. मग तुम्ही जाणार का त्याच्या घरी सांगायला?”

तो माणूस आपल्या यंत्राकडे वळला. मला मात्र त्या दिवशी कळलं की आपण ऐरेगैरे नाही. तेव्हापासून माझी मान ताठ आहे. मान नाही मला, पण समजून घ्या.

मला विकत घेतलं उस्तादांनी. त्यांचं खरं नाव कुणीच घेत नसे. पाणबुड्यांची एक लहानशी मंडळी त्यांनी उभी केली होती आणि ती सगळी घरचीच होती. त्यांची मुलगी, जिला सगळे ताई म्हणत. तिचा नवरा, ज्याला उस्ताद जावईबापू म्हणत, म्हणून मग शेजारचा चहावालाही जावईबापूच म्हणायला लागला. बिचाऱ्याची त्यातून सुटका झाली नाही ती नाहीच.

त्यांचं काम एका बोगद्यात होतं. डोंगरापलीकडे तलाव होता, अलीकडे शहर होतं आणि मधून पाण्याने काठोकाठ भरलेला बोगदा. त्यातूनच शहराच्या नळांना पाणी येई. बोगद्याच्या भिंतींना कुठे तडा गेलाय, लोखंडी झडपा कुठे गंजल्यात, हे आत पोहत जाऊन बघायचं. आत जायची वाट एका खोल, गोल विहिरीतून होती. विहिरीच्या भिंतीला लोखंडी शिडी आणि काठावर पत्र्याची शेड. शेडमध्ये बाकडं, हवा भरायचं यंत्र, खुंट्यांवर टांगलेले रबरी पोशाख आणि मागे कोठीची खोली.

त्या बोगद्यात बुडबुडे चालत नसत. छताला वर्षानुवर्षांचा गाळ चिकटलेला होता. बुडबुडा छताला लागला की गाळ भसाभस खाली येई आणि पाणी असं गढूळ होई की स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसू नये. म्हणून तिथे आमच्यासारख्या सभ्य डब्यांनाच प्रवेश होता.

उस्तादांचे नियम कडक होते. ज्याला श्वास घ्यायचाय त्यानेच डबा भरायचा. नवऱ्याने बायकोचा भरायचा नाही, बापाने मुलीचा भरायचा नाही. ताई मला मांडीत घेऊन भरायची. थोडे दाणे ओतायचे, बाजूने टकटक करायचं, पुन्हा ओतायचे, पुन्हा टकटक. दाणे घट्ट बसले नाहीत तर त्यांच्यात वाट पडते आणि श्वास त्या वाटेने चोरासारखा निसटतो. तिच्या बोटांची ती टकटक मला फार आवडायची. खोटं कशाला बोलू, मी तिचाच डबा होतो. जावईबापूंचा डबा वेगळा होता. तोही बरा होता, पण जरा कुरकुऱ्या.

दुसरा नियम असा की उघडलेला चुना आधी संपवायचा, मगच नवीन पिंपाला हात लावायचा.

आणि तिसरा नियम. पाण्यात उतरण्याआधी बाकड्यावर बसून काही मिनिटं आमच्यातूनच श्वास घ्यायचा आणि नाकाला चिमटा लावायचा. चिमटा का? तर नाक उघडं राहिलं की माणूस नकळत बाहेरची हवा चोरून घेतो. मग चुना काम करतोय की नाही ते कळणार कसं? नियम अगदी शहाणपणाचा होता. ताई आणि जावईबापू दोघं शेजारी शेजारी चिमटे लावून बसत आणि उस्ताद त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघत बसत. जावईबापूंना हमखास हसू यायचं. तोंडात नळी असताना हसलं की कसा आवाज येतो, तो मी इथे काढून दाखवू शकत नाही.

अशी माझी उमेदीची वर्षं गेली. मी थंड पाण्यात जायचो आणि पोटातून गरम व्हायचो, कारण चुना श्वासातला वायू पिऊ लागला की तापतो. ताई वर आली की मला हाताने चाचपायची आणि म्हणायची, “बाबा, डबा मस्त गरम आहे. काम केलंय पठ्ठ्याने.” असं कुणी म्हटलं की पुढच्या वेळी दुप्पट जोर येतो. तुम्हालाही येत असेल.

मग कोठी सांभाळायला मामा आले. ताईचे सख्खे मामा, म्हणजे उस्तादांचे मेहुणे. माणूस इतका नीटनेटका की त्यांच्या कोठीत झुरळाने यायचं ठरवलं असतं तर आधी पाय पुसून आलं असतं. दोऱ्या सारख्या मापाने गुंडाळलेल्या, नट आवळायचे पाने लहान-मोठ्याच्या क्रमाने टांगलेले, फरशी लख्ख. उस्ताद सहसा कुणाची स्तुती करत नसत. पण तेही म्हणाले, “मेहुण्याने कोठीचं सोनं केलं.” मामा लाजले आणि त्यांनी पुन्हा एकदा फरशी पुसली.

आता नीट ऐका. चुन्याचं एक पिंप गाडीवरून उतरवताना पडलं आणि त्याच्या झाकणाला चीर गेली. चुना उघड्यावर राहिला तर हवा पिऊन पिऊन आधीच दमतो, पुढे कामाचा राहत नाही. मामांना हे माहीत होतं. त्यांनी घट्ट झाकणाचं पिंप शोधायला सुरुवात केली आणि त्यांना एक निळं पिंप सापडलं. झाकणाला रबर, वर लोखंडी पट्टी, अगदी मुंगी शिरणार नाही असं. रबरी पोशाख फाटले की गोंदाने चिकटवायचे, तो गोंद पातळ करायचं थिनर त्या पिंपात येत असे. पिंप रिकामं होतं. मामांनी ते साबणाने धुतलं. गरम पाण्याने धुतलं. उन्हात वाळवलं, पुन्हा धुतलं, पुन्हा वाळवलं. आत डोकं घालून हुंगलं. वास नाही. मग त्यांनी आपला सगळा चुना प्रेमाने त्यात ओतला आणि पट्टी आवळली.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, यात त्या माणसाचं काय चुकलं? मीही सुरुवातीला तेच म्हणालो. पण प्लास्टिक वरून धुता येतं, आतून नाही. मी स्वतः प्लास्टिकचा आहे, मला विचारा. त्या पिंपाच्या भिंतींनी थिनर पिऊन ठेवलं होतं. घट्ट झाकणाखाली ते हळूहळू बाहेर येत होतं आणि चुन्याचे दाणे ते शोषत होते. दाण्यांचा स्वभावच तो. जे येईल ते पोटात घ्यायचं. आणि चुना थंड असताना त्याचा वास लपून राहतो. कोठीची खोली तर नेहमीच थंडगार असे.

त्या दिवशी ताईने नियमाप्रमाणे निळं पिंप उघडलं, कारण तो उघडलेला चुना होता. जावईबापूंचं उघडलेलं पिंप वेगळं होतं, ते अजून संपलं नव्हतं. ताईने मला भरलं. टकटक केली. नाकाला चिमटा लावून बाकड्यावर बसली. मी जेमतेम कोमट झालो होतो. उस्ताद म्हणाले, “चला.”

बोगद्यात बरंच आत गेल्यावर मी चांगला तापलो. आणि तेव्हा माझ्या पोटातून तो वास उठला. गोडसर, नाकात खुपणारा, डोक्यात चढणारा. मी घाबरलो. कार्बन डायऑक्साइड मी कणभर पुढे जाऊ देत नव्हतो, माझं काम चोख चाललं होतं. पण हे दुसरंच काहीतरी माझ्याच दाण्यांतून निघून, स्वच्छ श्वासात मिसळून ताईच्या छातीत चाललं होतं आणि मला ते थोपवता येत नव्हतं. ओरडायला तोंड नाही. तोंड आहे, पण त्यावर झाकण. ताईच्या मनगटावरचं यंत्र दाखवत होतं की ऑक्सिजन उत्तम आहे. ते तरी काय करणार? त्याला जेवढं मोजायला शिकवलं तेवढंच ते मोजतं.

ताई अर्ध्या वाटेवरून परतली. शिडी चढून आली ती बाकड्यावर आडवीच झाली. चेहरा पांढराफटक. बादलीत ओकली. डोकं दोन्ही हातांनी धरून म्हणाली, “बाबा, घशात कसंतरी गोड गोड लागत होतं. आणि मग डोकं फुटायला लागलं.”

“गोड लागतं ते नळ्यांना साबण राहिला असेल,” उस्ताद म्हणाले. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. “डोकं दुखणं, ओकारी... हा कार्बन डायऑक्साइडच. डब्यातून श्वास निसटलाय. जावईबापू, तुम्हाला काही झालं?”

“काही नाही. मी ठणठणीत आहे.”

“मग डबाच. म्हातारा झाला. ठेवा बाजूला, भंगारात जाऊ दे.”

मी! माझ्यातून निसटला! मला इतका राग आला की झाकण उडून जाईल असं वाटलं. आजवर माझ्या रबराच्या कड्याने एक श्वास निसटू दिला नव्हता. आणि आता कुणाचा तरी दोष माझ्या बोडक्यावर! पण रागापेक्षा मोठी काळजी पुढेच होती. यांनी दोष मला दिला म्हणजे आता यांचं समाधान झालं. आता निळ्या पिंपाकडे कोण बघणार? नवा डबा येईल, त्यात तोच चुना भरला जाईल आणि ताई त्याच बोगद्यात, याहून आत जाईल.

कुणीतरी मला उचलून कोठीच्या खिडकीत ठेवलं. एरवी पाण्यातून आल्याबरोबर आमची पोटं रिकामी होत. त्या दिवशी ताईच्या काळजीत माझ्याकडे बघायला कुणालाच सवड नव्हती. भंगारात जाणाऱ्या डब्याला कोण रिकामं करतंय? तसाच भरल्या पोटाने, झाकण लावलेला, मी त्या खिडकीत पडून राहिलो.

डॉक्टरांनी ताईला तपासलं, विश्रांती सांगितली, मग पुन्हा उतरायला हरकत नाही म्हणाले. नवा डबा आला. पारदर्शक, चकचकीत. त्याच्या पोटातलं सगळं बाहेरून दिसायचं. मला तर बुवा तसं उघडंनागडं फिरायला लाज वाटली असती. सगळे त्याचं कौतुक करत होते. खिडकीतून मी बघत होतो. ताईने त्याला मांडीत घेतलं आणि निळ्या पिंपाची पट्टी उघडली. टकटक, टकटक.

त्या दिवशी काम बोगद्याच्या पार टोकाला होतं. तिथली झडप अडकली होती. जायला वेळ लागणार, यायला वेळ लागणार आणि वाटेत वर यायला कुठेही जागा नाही. दोघं चिमटे लावून बसले, उस्तादांनी डोळ्यांत डोळे घातले, आणि शिडीवरून पावलांचा आवाज खाली खाली गेला. मग पाणी शांत झालं.

खिडकीत ऊन आलं होतं. कडक ऊन. मी तापायला लागलो आणि माझ्या पोटातला तो वास झाकणाखाली दाटायला लागला.

मामा कोठी आवरत होते. त्यांची नजर माझ्यावर पडली. “अरे, हा भरलेलाच पडलाय?” ते स्वतःशीच पुटपुटले. “भंगारवालाही नावं ठेवेल.” दुसऱ्या कुणी मला तसाच पोत्यात टाकला असता. मामांना ते जमणारं नव्हतं. त्यांनी मला उचललं, मोरीशी नेलं, नळाखाली धरलं आणि झाकण फिरवलं.

वास एकदम बाहेर आला. मामांच्या नाकाला काही चिमटा नव्हता.

ते मागे सरले. मग पुन्हा वाकले आणि हळूच हुंगलं. तो वास त्यांना अनोळखी नव्हता. ज्या पिंपात त्यांनी स्वतः डोकं घातलं होतं, जे त्यांनी इतक्या वेळा धुतलं होतं, त्याचाच, धुण्याआधीचा, तो होता. त्यांनी वळून निळ्या पिंपाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या क्षणी. कारण मामांचा एक हात नळावर होता. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. नळ सोडला असता तर माझ्या पोटातला चुना वाहून गेला असता, वास गेला असता, आणि डबाच जुना होता यावर सगळ्यांचा विश्वास बसलेलाच होता. मेहुण्याने कोठीचं सोनं केलं, हे वाक्यही जिथल्या तिथे राहिलं असतं. मामांची बोटं नळावर होती. ते काय विचार करत होते, मला ठाऊक नाही. मी एवढंच म्हणत होतो, मामा, ती खाली आहे. मामा, ती खाली आहे.

मामांनी नळावरचा हात काढला. माझं झाकण दाबून बसवलं, मला छातीशी धरलं आणि धावत सुटले. दारात त्यांची चप्पल निघाली, ती तिथेच राहिली.

“भावोजी! भावोजी, ताईला बोलवा!”

विहिरीच्या काठावर उस्ताद बसले होते. “काय झालं? ओरडतोस कशाला?”

“हे हुंगा.” मामांनी माझं झाकण उघडून मला त्यांच्या नाकाशी नेलं. “थिनर आहे. चुन्यात थिनर उतरलंय. मी चुना थिनरच्या पिंपात भरला होता. धुऊन भरला होता हो, पण... माझी चूक आहे. डब्याची नाही, माझी. आणि तिने आजही त्यातलाच चुना घेतलाय. मला नंतर काय बोलायचं ते बोला, आधी तिला बोलवा!”

उस्तादांनी एकदाच श्वास आत ओढला. ते शिडीकडे झेपावले. शिडीला एक हातोडा साखळीने बांधलेला होता. पाण्यात आवाज फार लांब जातो. थांबून थांबून ठोकलं तर अर्थ ‘परत या’. आणि न थांबता सारखं ठोकत राहिलं तर अर्थ ‘पाठीवरचा श्वास सोडा, कमरेला बांधलेल्या राखीव हवेच्या नळकांड्यातून घ्या आणि परत या’. तो दुसरा आवाज त्या विहिरीत कधी कुणी केला नव्हता. उस्तादांनी हातोडा उचलला आणि शिडीवर घण घण घण घण ठोकायला सुरुवात केली. दमले तशी मामांनी हातोडा घेतला. मग पुन्हा उस्तादांनी. मी काठावर उघडा पडलो होतो आणि त्या दणक्यांनी जागच्या जागी हादरत होतो.

आत काय झालं ते ताईने नंतर सांगितलं. तिच्या घशात पुन्हा तो गोडवा आला होता. डोकं जड व्हायला लागलं होतं. पण डबा नवा होता. यंत्र म्हणत होतं सगळं ठीक आहे. तिला वाटलं, आता पुन्हा तक्रार केली तर सगळे म्हणतील, ही घाबरायला लागली. म्हणून ती दात दाबून पुढे जात राहिली. आणि मग पाण्यातून तो आवाज आला. आधी तिला वाटलं, डोक्यातच काहीतरी वाजतंय. जावईबापूंनी तिचा दंड धरला आणि आपल्या कानाकडे बोट दाखवलं. ताईला एवढंच सुचलं की बाबा उगाच ठोकणार नाहीत. तिने नळी तोंडातून काढली आणि राखीव नळकांड्याची नळी तोंडात घातली. बुडबुडे सुटले. छतावरचा गाळ कोसळला. सगळीकडे काळोख. दोघं वाटेवर बांधलेली दोरी एका हाताने चाचपत आणि दुसऱ्या हाताने एकमेकांना धरून मागे फिरले.

वर आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. हातोडा थांबला होता. उस्ताद आणि मामा पाण्याकडे डोळे लावून बसले होते. एवढा वेळ मी कधीच कशाची वाट पाहिली नव्हती. मामा म्हणाले, “भावोजी, तिला ऐकू गेलं नसेल तर?” उस्तादांनी मामांचं मनगट घट्ट धरलं होतं. रागाने की आधाराला, ते मला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही कळलं नसावं.

मग पाण्यावर एक बुडबुडा आला. त्याच्यामागे दुसरा. मग ढगासारखा गाळ आणि त्यातून बुडबुडेच बुडबुडे. आयुष्यभर ज्यांना मी नावं ठेवली, ते आगाऊ, गोंगाट करणारे बुडबुडे! त्या दिवशी त्यांच्याइतकं सुंदर मी काही पाहिलं नाही. मामा रडायला लागले.

ताईचं डोकं पाण्याबाहेर आलं. जावईबापूंनी तिला मागून धरलं होतं. तिने नळी थुंकली, खोकली, आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, “कोण ठोकत होतं? बहिरी झाले की मी!”

नंतर व्हायचं ते सगळं झालं. उस्ताद मामांवर असे कडाडले की शेडचा पत्रा वाजला. धुतलंस म्हणून काय झालं, विचारायला तोंड नव्हतं का, माझी एकुलती एक पोर... आणि मग मध्येच वळून पोरीचे ओले केस पुसायला लागले. मामा खाली मान घालून ऐकत होते. आपला हात नळावर गेला होता, हेही त्यांनीच सांगून टाकलं. शेवटी त्यांनी खिशातून कोठीची किल्ली काढून बाकड्यावर ठेवली.

ताई चादर गुंडाळून बसली होती. ती म्हणाली, “मामा, ती किल्ली उचल.”

“नको गं. माझ्याच्याने आता...”

“उचल म्हटलं ना? तू बोलला नसतास तर मी आता इथे नसते. दुसरा कुणी कोठीवर आणला आणि त्याने नळ सोडला तर? मला तूच हवास.”

मामांनी किल्ली उचलली. जावईबापू म्हणाले, “आणि मामा, दाराशी तुमची चप्पल पडलीय. कोठीत पसारा चालत नाही म्हणतात.” मग सगळेच हसले, रडून झालेली माणसं हसतात तसे.

निळं पिंप करवतीने कापून टाकलं. चुन्याने आपलं घर बदलायचं नाही, हा नवा नियम झाला. पिंपाचं झाकण फुटलं तर चुना फेकायचा, मग तो कितीही पांढराशुभ्र दिसो. दुसरा नियम ताईने केला. घशात, नाकात, डोक्यात काहीही वेगळं वाटलं तर त्याच क्षणी परतायचं, आणि परतलेल्याला कुणी घाबरट म्हटलं तर म्हणणाऱ्याने महिनाभर सगळ्यांचे पोशाख धुवायचे.

माझं काय झालं? उस्तादांनी मला तपासलं. रबराचं कडं तपासलं, जाळी तपासली, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “डबा ठणठणीत आहे. उगाच बदनाम केला बिचाऱ्याला.” डब्यांची यापेक्षा जास्त माफी कुणी मागत नाही. मी ती मोठ्या मनाने स्वीकारली. पण मला पुन्हा पाण्यात मात्र नेलं नाही. माझ्याही भिंतींनी तो वास पिऊन ठेवलाय, आणि मी वरून कितीही धुतलो तरी आतून धुतला जाणार नाही. कधी कधी बाकड्यावर टकटक ऐकू येते तेव्हा वाईट वाटतं. वाटणारच. पण उद्या ताईने मला भरायला घेतलं तर मीच झाकण लावू देणार नाही.

आता मी शेडमध्ये एका फळीवर असतो. नवीन पाणबुडे शिकायला येतात तेव्हा मामा मला त्यांच्या हातात देतात आणि सगळी गोष्ट सांगतात. स्वतःची चूकही सांगतात, आवाज न बदलता. नळाशी आले की मात्र ते थोडे थांबतात.

मित्रांनो, वस्तू जपा, स्वच्छ ठेवा, नीट लावून ठेवा, हे तर मी सांगणारच. जुना डबा आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही. पण कितीही जपलंत तरी एक दिवस तुमच्या हातून काहीतरी चुकेल आणि त्याचा वास सगळ्यांत आधी तुम्हालाच येईल. तेव्हा खोलीत दुसरं कुणी नसेल. समोर नळ असेल आणि तुमचा हात त्याच्यावर असेल. तो हात काढा आणि धावत सुटा. खाली कुणीतरी श्वास घेत असतं.